पाठीला सांगितलेलं

तुळजापूर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. अंबूस, दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लाव आणि जिने चढू नकोस. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस बाई. कानाला मोबाइल लावला की हे कानातलं मशीन शिट्टी मारतं. आपलं पत्रच बरं, पत्राला ऐकू यावं लागत नाही.

व्हय, मशीन आलं एकदाचं. वेळ अमावास्येच्या सणाला वरद आणि श्रिया बापलेक आले होते, तेच पुण्याहून घेऊन आले. शेंगदाण्याएवढी दोन, दोन कानांत. श्रियानं तुझ्या वहिनीच्या मोबाइलवर काहीबाही बोटं फिरवून आवाज लावून दिला आणि दोघं निघून गेले. मला त्यातलं काही कळलं नाही, मी विचारलंही नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं नातीला किती विचारायचं? पेपरचं पान उलटलं की पत्रा वाजल्यासारखं वाटतं. फोडणी पडली की मी दचकून उठतो. त्यात शाकंभरी नवरात्राचे भोंगे! अकरा वर्षं किती सुखात होतो ते आता समजलं.

एक गंमत सांगतो, पण वहिनीला अजिबात कळवायची नाही. तिसऱ्या दिवशी वैतागून मी जाहीर केलं की मशीन बंद, आता डबीत ठेवलं. ठेवणार होतो, पण राहून गेलं, वरून कानटोपी होती. नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात अंगणाकडं तोंड करून पेपर घेऊन बसलो. मागं ओट्याशी ती. आणि अंबू, ती बोलत होती. माझ्याशी. मेथीत आज किती माती निघाली, वरदचं तोंड कसं उतरलंय, तीन दिवस एकच सदरा घालून मी कसा ध्यानासारखा दिसतोय, सगळं मला सांगत होती. मध्येच अहो म्हणत होती. मला वाटायचं, मी बहिरा झालो तशी ही अबोल झाली. समोर आली की हातानंच चहा, गोळी, नळ आला एवढं सांगते. ती अबोल झालीच नव्हती गं. फक्त ओरडायचं सोडलं होतं. त्या दिवशी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो, एक ओळ वाचता आली नाही.

आता मी ऐकतोय म्हणून सांगितलं तर ती लाजून गप्प होईल. म्हणून रोज कानटोपी घालून बहिरा होऊन बसतो. हसू नकोस. या वयात एवढं सुख मिळालंय, ते राहू दे.

गुडघ्याचं कळव. माया आहेच, ती पत्रातून दिसत राहू दे.

तुझा,
दादा

---

तुळजापूर,
११ जानेवारी २०२५

सौ. अंबूवन्संस, वहिनीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

फोन हातात असून पत्र लिहितेय म्हणून नवल वाटेल. पण फोनवर तुमच्या बंधुराजांच्या चहाड्या करायची सोय आता उरली नाही. ते ऐकतात! मला सांगतात मशीन बंद आहे, आणि कानटोपी घालून साळसूद बसतात. पण श्रियानं माझ्या मोबाइलात एक चित्र आणून ठेवलंय, दोन कानांचं. मशीन चालू असलं की कान हिरवे, बंद असलं की करडे. दिवसभर हिरवेगार, वन्सं! फक्त अंघोळीला आणि झोपताना करडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पदर तोंडात कोंबून हसले.

आधी आपली मनाला येईल ते बोलायची, सवय म्हणून. आता निवडून बोलते. काल म्हटलं, यांनी परवा केलेली खिचडी म्हणजे पाकिटं चिकटवायची खळ होती. पाठ कशी ताठ झाली! मास्तरांना राग आला की पाठ ताठ होते, हे मला या अकरा वर्षांत कळलंय. बघू कोण आधी हरतंय ते.

एक मात्र तुमच्याजवळच ठेवा. महिनाभर झालं, गच्चीवर कपडे वाळत घालून आले की छातीत दाबल्यासारखं होतं, डावा हात जड होतो. बसलं की थांबतं. यांना सांगायचं तर इतके दिवस ओरडून सांगावं लागायचं, आणि असलं काही ओरडून कसं सांगणार? चार घरं गोळा होतील. आता ऐकतात, तर समोर उभं राहून सांगायची माझीच सवय गेलीय. म्हणून ठरवलंय, ओट्याशी उभी राहून त्यांच्या पाठीलाच सांगायचं. वळून बघितलं की चोरी पकडली. मग दोघं मिळून डॉक्टरकडं जाऊ.

वरदला काही बोलू नका, तो लगेच पुण्याला उचलून नेईल. तुमच्या जीवाला जपा, आणि आमच्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची,
प्रमोदिनीवहिनी

---

ढोकी,
१७ जानेवारी २०२५

ती. वहिनीस, अंबूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून एवढी हसले की आमचे हे बाहेरून विचारत आले, काय झालं म्हणून. अहो, दादा लहानपणापासून असेच चोर! आई-आबा काही खासगी बोलत असले की दादा घोरायचं सोंग घ्यायचे, आणि सकाळी सगळं मला सांगायचे. आता सापडले बरोबर. वहिनी, तुम्हाला माझी शपथ, तुम्ही आधी बोलू नका. अजिबात हरू नका. वळू दे त्यांनाच. हिरव्या कानांचं त्यांना समजेल तेव्हा मला तोंड बघायला बोलवा.

छातीचं म्हणाल तर थंडीचा वात असेल, मलाही अधूनमधून होतं. तरी एकदा दाखवून घ्या. इकडं हुरडा लई छान आलाय. गुडघा बरा असता तर घेऊनच आले असते.

असाच लोभ ठेवा, आणि असंच लिहीत जा.

तुमची,
अंबू

---

तुळजापूर,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. अंबूस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज गंमत नाही. तुझी वहिनी माझ्या पाठीमागं म्हणते की तिच्या छातीत दाबून येतं आणि हात जड पडतो. आज तिसऱ्यांदा म्हणाली. पहिल्यांदा मी खुर्चीतून उठणारच होतो. मग वाटलं, वळलो तर तिला कळेल की मी इतके दिवस चोरून ऐकत होतो. ती पुन्हा कधी तशी बोलायची नाही. अकरा वर्षांनी मिळालेलं एका मिनिटात जाईल. मी स्वार्थी आहे, अंबू, पण खरं तेच लिहितो.

ओव्याची डबी तिच्या ताटाशी ठेवली, तिनं उचलून फळीवर ठेवली. व्यायाम म्हणून कपडे मीच गच्चीवर नेऊ लागलो, तर तिनं मला हातवारे करून खाली बसवलं. समोर आली की हसते आणि मला एकटक बघत राहते. मला न सांगता सगळं पोटात ठेवते, याचा रागही येतो.

रविवारी वरद येतोय. त्याच्याकरवी तिला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलंय, म्हणजे माझं बिंग फुटणार नाही आणि तिचीही तपासणी होईल. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तुझं मत लगेच लिही. काळजीत आहे, पण तुझा आधार आहे.

दादा

---

ढोकी,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस, अंबूचा नमस्कार.

सुतक फिटलं म्हणून नमस्कार लिहिला, पण त्यापुढं नेहमीची अक्षरं लिहायला हात होईना. वहिनी गेल्या आणि तेरा दिवस मी तुमच्या घरात होते, तरी तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मशीन काढून डबीत ठेवलंत. येईल तो तुमच्या कानाशी ओरडून सांत्वन करायचा आणि तुम्ही नुसते बघत बसायचा. मला वाटलं, दुःखानं असेल.

परवा घरी आले, दार उघडलं, तर तुमचं सत्तावीस तारखेचं पत्र उंबऱ्याच्या आत पडलेलं. आम्ही तीस तारखेला तुमच्याकडं निघालो आणि ते मागून आलं असणार. दारातच बसून वाचलं. दादा, मला आधी मिळालं असतं तर उडत आले असते हो. आता काय करू?

तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. वेळेवर जेवा. वरद म्हणतो तसं पुण्याला जा चार महिने. काय मनात असेल ते मला लिहा, शिव्या दिल्यात तरी चालेल. तुमची सावली डोक्यावर राहू द्या, मला माहेर म्हणायला आता तुम्हीच.

अंबू

---

तुळजापूर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. अंबूस, आशीर्वाद.

मनातलं लिही म्हणालीस, तर वाच. त्या गुरुवारी सकाळी मी दारात पेपर घेऊन बसलो होतो. ती कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडं निघाली. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून म्हणाली की अहो, आज जास्तच दुखतंय. अगदी स्वच्छ ऐकू आलं. एवढं स्वच्छ मला अकरा वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, रविवार तीन दिवसांवर आला. आणि पेपरचं पान उलटलं. मग बादली गडगडत खाली आली, तेव्हा वळलो.

हे वरदला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आता तिचा मोबाइल माझ्याकडं आहे. परवा धीर करून मशीन पुन्हा कानात घातलं, तर त्या मोबाइलवर दोन कान हिरवे झाले. श्रियाला लिहून विचारलं. ती म्हणाली, आजोबा, मशीन चालू आहे की बंद ते त्यात दिसतं, आजीला मी दाखवलं होतं.

अंबू, तू तिची मैत्रीण. एकच सांग. मी ऐकतोय हे तिला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल तर ती आपली स्वतःशीच बोलत होती, आणि मी नुसता चोर ठरतो. तेवढं मी सोसेन. पण ठाऊक असेल, तर ती पायरीवरून मला हाक मारत होती, आणि मी पान उलटलं. दिवसभर हेच डोक्यात आहे, अन्न गोड लागत नाही. माझी मर्जी राखायला काही लिहू नकोस. खरं काय ते कळव.

दादा

---

ढोकी,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस, अंबूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते.

वहिनींना मोबाइलमधलं काय कळायचं, दादा? आलेला फोन उचलायचा आणि नातीचे फोटो बघायचे, एवढंच. ते कानांचं चित्र त्यांना कसली तरी जाहिरात वाटायची, ते पुसायचं कसं म्हणून मलाच विचारलं होतं त्यांनी. श्रियानं दाखवलं असेल, पण मुलींचं दाखवणं म्हणजे भराभर बोटं फिरवणं, कोण लक्षात ठेवतंय! तुम्ही बहिरे आहात असंच त्या शेवटपर्यंत धरून होत्या. मला असलं कधी काही लिहिलं नाही, बोलल्या नाहीत. दुखणं त्या स्वतःशीच बोलत होत्या, आम्ही बायका बोलतो तसं. ते तुमच्यासाठी नव्हतं. पान उलटलंत ते कुणीही उलटलं असतं.

आता हा विषय मनातून काढा. दोन घास नीट खा. माझ्यावर आजवर विश्वास ठेवलात, तसाच ठेवा.

तुमची,
अंबू

---

तुळजापूर,
६ मार्च २०२५

चि. सौ. अंबूस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा गुडघा आता कसा आहे? मी जेवतो. सकाळी भाकरी, रात्री दूधभात. पुण्याला जायचं नाही असं वरदला कळवलं, तो थोडा रागावला.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू आलीस त्या दिवशीच, तिला नेसवायला साडी काढताना, कपाटात अंथरलेल्या कागदाखाली तुझं सतरा जानेवारीचं पत्र सापडलं. हिरव्या कानांचं, आणि हरू नका म्हणून शपथ घातलेलं. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. मी ते तिथंच उभं राहून वाचलं आणि खिशात ठेवलं. म्हणून तुझ्याशी बोललो नाही. तुझा राग नव्हता गं. तुम्ही दोघी हसत होतात, मीही माझ्या जागी हसत होतो. कुणाला काय ठाऊक! त्या शपथेचं तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या दादाची आण आहे.

श्रियाला विचारलं, तुला विचारलं, पण उत्तर माझ्या खिशातच होतं. तरी विचारलं. जगात एका तरी माणसानं मला नाही म्हणून सांगावं, असं फार वाटत होतं. वरदला हे सांगायची छाती नव्हती, तूच राहिली होतीस. तू सांगितलंस. त्यासाठी शपथ खोटी घेतलीस, तेही मला कळतं. तुझं पत्र रोज सकाळी काढून वाचतो. खोटं आहे ते ठाऊक असतं, तरी वाचतो, आणि मग अंघोळीला उठता येतं.

मशीन आता दिवसभर घालतो, कानटोपी सोडली. ऐकायला तसं काही नाही, फ्रिज तेवढा वाजतो. पाय चालायला लागला की चार दिवस ये. ओट्याशी उभी राहा आणि माझ्या पाठीमागं काहीही बोल. मी वळून बघेन.

येशीलच. तोवर आहे ती माया तशीच राहू दे.

तुझा,
दादा