हरळीवर पाच-पाच

रवि. ३ जुलै १९८८, जळगाव

आबा-अक्का धुळ्याहून आले. दुपारी टीव्हीवर विलायतेचं गवतावरचं टेनिस. सासरेबुवा खुर्चीच्या टोकाला. मग नेहमीप्रमाणे नजर शोकेसमधल्या माझ्या टेनिसच्या कपाकडे. "मुरुमावरचा कप. मुरुमावर कोणीही खेळेल. गवतावर असतीस तर पहिल्याच राउंडला घरी." लग्नाला सतरा वर्षं झाली. दर पावसाळ्यात हे एकदा ऐकते, हसते, चहा टाकते. आज काय झालं कोण जाणे. म्हटलं, "मग गवत आणा, आबा. बघू या."

ह्यांना चिवड्याचा ठसका लागला. अक्का पंख्याकडे बघत बसल्या. आबा मिशीत हसत होते. मी पाहिलं.

गुरु. ७ जुलै

शाळेत मुलींची कवायत घेताना सारखं तेच डोक्यात. आबा पन्नास सालच्या सुमाराला धुळ्याला साहेब लोकांच्या क्लबात, हिरव्यागार लॉनवर चँपियन. साधे कारकून, साहेबांना हरवलं. त्यांचा कप धुळ्याच्या बैठकीत फळीवर एकटा. मी सत्तर साली कॉलेजची चँपियन, मुरुमाच्या कोर्टावर. आमच्यात भारी कोण? देवालाच ठाऊक, आणि त्यालाही गवत लागेल.

खरं सांगायचं तर मला जिंकण्यापेक्षा त्या फळीवर माझा कप हवा आहे. त्यांच्या शेजारी. बस्स.

रवि. १७ जुलै, धुळे

बापरे! आबांनी मनावर घेतलंय. रस्त्याकडच्या मळ्यात केळी काढून झालेली सात गुंठे जागा सपाट केली, आणि हरळी लावतायत. हरळी! जी उपटता उपटता अख्ख्या खान्देशाची कंबर मोडते, ती ओळीने, मुळ्या धुऊन. "क्लबात हीच होती. साहेब लॉन म्हणायचे." निंदणाऱ्या बायांची मुकादम सखूबाई बांधावर उभी राहून म्हणाली, "बठ्ठा लोक हरळी काढतस, आबा हरळी लावतस. काय व्हयनं यासले?" खरंच, सगळे काढतात ते हे लावतात, झालंय काय आबांना!

जाणारे-येणारे सायकली थांबवून बघतात. आबांना त्याचाही आनंद.

शनि. ३० जुलै, ज.

पहाटे मेहरूण तलावाकाठी प्रॅक्टिस. काठच्या गवतावर टप्पा टाकला की चेंडू वर येतच नाही, घोट्याशी सरपटत जातो. माझा अख्खा खेळ उंच उसळीवर. आबांचे फटके मला माहीत आहेत, अंगणात भिंतीवर मारतात अजून. कापलेला, खाली बसणारा चेंडू. गवताचाच खेळ. म्हणजे म्हातारा काही अगदीच फेकत नव्हता! गुडघे वाकवायला शिकते आहे. अडतिसाव्या वर्षी. आई गं.

रवि. २८ ऑग., धुळे

हिरवंगार. डोळे निवले. तेलाच्या पिंपात सिमेंट भरून रूळ केलाय, आबा स्वतः ओढतात, वय सहासष्ट. अक्का: "सून काय नेसून खेळणार? पदर घेऊन?" मी म्हटलं पांढरा पंजाबी ड्रेस, शाळेतला. अक्का म्हणाल्या, "ओढणी पिनांनी पक्की कर म्हणजे झालं." मी त्यांच्या पायाच पडले.

ह्यांना अंपायर व्हा म्हटलं. "एकीकडे बाप, एकीकडे बायको. मेलो तरी नाही."

रवि. ११ सप्टें., धुळे

गेलं. सगळं गेलं.

आबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. अक्का सखूबाईला म्हणाल्या, मळा निंदून घे. सखूबाई सहा बाया घेऊन आली, आणि निंदलंच. मी एस.टी.तून उतरून मळ्यात शिरते तर ही समोर, चेहरा असा फुललेला. "ताई, बठ्ठी काढी टाकी! एक काडी ठेवी नही!" सात गुंठे काळी माती, कडेला हरळीचा ढीग. मला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. सखूबाईला वाटलं, गमतीत लावली होती, पीक थोडंच ते!

आबा आले. पाहिलं. दाताचं निमित्त करून जेवले नाहीत. अक्का पदराने डोळे पुसत होत्या. निघताना आबा इतकंच म्हणाले, "तुझा मुरुमच बरा बाई." ह्या वेळी टोमणा नव्हता, तेच फार लागलं. 

रवि. २५ सप्टें., धुळे

आली!!! जागोजाग हिरवे कोंब. सखूबाई दोन आठवडे न सांगता पाणी देत होती. तिने कमरेवर हात ठेवून ऐकवलं, "हरळी शे ती, ताई. मरस का कधी?" आबा वाकून प्रत्येक कोंब बघत होते. दोनदा जेवले.

रवि. १३ नोव्हें., धुळे

दिवाळीची गडबड संपली. आज मॅच. कप गुपचूप पिशवीत घालून आणला होता, फराळाच्या डब्याखाली. न जाणो.

चुन्याच्या रेघा, कॉलेजातून मागून आणलेलं नेट, बांधावर पंचवीस-तीस माणसं. एकच सेट ठरला. आबा लांब पांढऱ्या पँटीत. पहिले तीन गेम भराभर त्यांचे, मी नुसती वाकतेय. मग मला जमलं. पळवलं त्यांना. चार-चार.

पुढच्या गेमला माझा गेम पॉइंट, आबांचा फटका रेघेच्या बाहेर पडला. चार बोटं. मी पाहिलं. पण सासऱ्यांना तोंडावर आउट कसं म्हणायचं? जीभ वळेना. म्हटलं, "चांगला होता, आबा."

रॅकेट खाली ठेवली त्यांनी. "काय चांगला? चुना उडाला का?"

"नाही..."

"मग? सतरा वर्षं मी मुरुमाला मुरुम म्हणतोय. तू आउटला आउट म्हण. नाहीतर मी खेळत नाही जा."

 मी डोळे मिटले आणि ओरडले, "आउट, आबा! चांगला चार बोटं आउट!" बाहेरच्या रस्त्यावर ट्रकवाल्याने सुद्धा बघितलं असेल. आधी हसल्या त्या अक्का. मग सगळेच. आबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं मोकळं मला सासरी कधी वाटलं नव्हतं, लिहून ठेवते.

पाच-चार मी. मग त्यांनी एक असा कापला की चेंडू उठलाच नाही. पाच-पाच. तेवढ्यात सूर्य निंबामागे, चेंडू दिसेना. सेट तिथेच थांबला. आबा म्हणाले, "बाकी पुढच्या वेळी." कपाचं काही बोलले नाहीत. कप बाहेर काढायचा धीर मला झाला नाही. पिशवी उचलली, गाडी धरली.

सोम. १४ नोव्हें., ज.

पिशवी रिकामी केली. फराळाचा डबा आहे, वर चकल्या वाढवून दिल्यात. कप नाही. ह्यांना विचारलं, सीटखाली राहिला का? हे म्हणाले, आणलाच कशाला होतास? दिवसभर चुटपुट.

सोम. २१ नोव्हें.

अक्कांचं कार्ड. खुशाली, सखूबाईच्या नातीचं बारसं, आणि खाली बारीक अक्षरात: "तुझा कप फळीवर आहे. ह्यांनीच पिशवीतून काढला, मला म्हणाले बोलू नकोस. मी रोज पुसताना दोन्ही एका ओळीत ठेवते. सकाळी बघते तर ह्यांचा दोन बोटं पुढे असतो."

कार्ड तीनदा वाचलं. मग शोकेसमधली कपाची रिकामी जागा पुसून काढली आणि दुसरं काही ठेवलं नाही.

येत्या रविवारी धुळे. आबांनी हरळी छाटायचा विळा धार लावायला टाकलाय म्हणे. मी आधी फळीपाशी जाणार, माझा तीन बोटं पुढे सरकवणार, मग मळ्यात.