जेवल्यावर द्या
श्रीवर्धन, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

आज भागीवर ओरडलो, ते मनातून जात नाही. तिचा नवरा धर्मा सुपारीच्या वाडीत राबतो. तीन दिवस हिवतापानं पडलाय. सकाळी ती दवाखान्यात येऊन म्हणाली, ताप उतरत नाही. "औषध देतेस ना वेळेवर?" मी विचारलं, आणि उत्तर ऐकण्याआधीच चारचौघांत वाटेल ते बोललो तिला.

दुपारी तिच्या घरी गेलो, तर मी दिलेली क्विनाइनची बाटली भरलेली. एक थेंब कमी नाही. पुन्हा आवाज चढवणार, तोच ती हळूच म्हणाली, "तुमीच सांगितलंत, जेवल्यावर द्या. त्यांनी तीन दिस अन्नाला हात न्हाय लावला. मग कवा देऊ?"

ती भरलेली बाटली! चूक माझी. आजवर किती जणांना असं सांगून वाटेला लावलं असेल? थोडी पेज पाजून पहिला डोस मीच दिला. मग तिला म्हटलं, "आता काय करायचं, ते तू मला सांग." तिनं बिनचूक सांगितलं. यापुढे प्रत्येकाकडून असंच वदवून घ्यायचं.

पण हे बोलू कुणाशी? इथे दुसरा डॉक्टर नाही, आणि घरी वाट बघणारी बायको, सुमती, जाऊन दोन वर्षं झाली.

आत्ता तिन्हीसांजेला पुन्हा जाऊन आलो. ताप आहे, पण धर्मानं मला ओळखलं. निघणार, तेवढ्यात भागीनं चटई पसरली. "बसा वाईच, डाक्तर. तुमी दमलाव." या गावात मला बघून सगळे उठून उभे राहतात; बसा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बराच वेळ बसलो.