खोबणीतला अखंड तांदूळ

मंगरूळपीर
१० ऑक्टोबर १९७९

चि. जगदेव यास रामकिसनदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोजनिशीत रोज ‘जगदेवला लिहिणे’ अशी ओळ आहे आणि रोज ती पुढच्या पानावर ढकललेली आहे. (आळस की भीती, असे मी स्वतःला विचारून पाहिले. भीतीच निघाली.) तुझी प्रकृती ठीक असेल, खाणावळवाला पोळ्या मोजत नसेल. इकडे तुझी विमलवहिनी बरी आहे, शाळा बरी आहे. तुझ्या कॉम्प्युटरबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल.

नागपूरच्या खोलीत उंदीर फार, म्हणून तू तो कॉम्प्युटरचा हिरवा बोर्ड माझ्या भरवशावर ठेवून गेलास. दिवाळीनंतर तोच साहेबांना दाखवून तुला नोकरी मिळवायची आहे, हे मी क्षणभरही विसरलेलो नाही. दसऱ्याला तुझी आई, म्हणजे आमची केशरमावशी, इंझोरीहून मुद्दाम आली. घरातल्या विळ्याची, कुऱ्हाडीची, माझ्या सायकलची पूजा झाली आणि मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तुझ्या बोर्डाचीही झाली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळे रीतसर. त्या दुपारी मी शेजाऱ्यांना बेरीज करून दाखवली. एरवी अडखळणारा कळफलक लोण्यासारखा चालला, लाल आकडे झरझर उमटले. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती. विज्ञान शिकवणाऱ्याला कारण शोधायची सवय असावी.)

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कळफलकाची वायर जिथे बसते त्या खोबणीत कुंकू आणि तांदूळ. मी शाळेतले स्पिरिट आणि दाढीचा ब्रश घेऊन ती आरशासारखी स्वच्छ केली, कळफलक जोडला, आणि एकही कळ उमटेना. मग मी मावशीला जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती एवढंच म्हणाली, “माह्या पोराच्या मशीनची पूजा केली म्या, तुह्या सायन्सची नाही,” आणि पिशवी भरून इंझोरीच्या गाडीत बसली. दिवाळीलाही येणार नाही म्हणते.

रेडिओवाला गोविंदसिंग आला. त्याने खोबणीवर अंगठा दाबला, आकडे आले. अंगठा काढला, गेले. “मास्तर, मशीन चांगलं हाय. खोबण ढिली हाय. कायले घाबरून राह्यले?” म्हणजे दिवसभर त्याला अंगठा दाबून उभे करावे लागणार. मी आगपेटीची काडी घातली, ती जाड झाली. कागदाची घडी घातली, ती मऊ पडली. कडब्याचा तुकडा घातला, तो चिरला. विमल चूल फुंकता फुंकता म्हणाली, “मंग तांदूळच घाला न, मावशीनं घातला तसा.”

टोमणा होता. मी घातला. बोर्ड सुरू झाला.

जगदेव, खोबण मुळातच ढिली होती. मावशीचा दाणा फटीत नेमका अडकला म्हणून दसऱ्याला सगळे सुरळीत चालले, आणि तो दाणा मीच स्पिरिटने धुऊन काढला. कुंकवाचा काही दोष नव्हता, मावशीचा त्याहून नव्हता.

तुझा,
रामकिसनदादा

ता. क. : चालतो म्हणालो खरा, पण आमचा तांदूळ रेशनचा, सगळी कणी. दोन आकडे उमटले की दाण्याचा भुगा होतो. मावशीच्या डब्यात मात्र अक्षतांसाठी एकेक निवडलेले अखंड दाणे असतात. तेव्हा मुद्द्याची विनंती : मशीन तिच्याच तांदळाने चालले, असे तू तिला दोन ओळीत कळव. तुझे ती ऐकेल.

ता. क. २ : वरची विनंती रद्द समज. बोललो मी, आणि माफी तुझ्या पोस्टकार्डाने मागायची, हे मला रोजनिशीतही लिहवेना.

उद्याचे काम (रोजनिशीत आत्ताच लिहिले) : पहिल्या गाडीने इंझोरीला जाऊन मावशीची माफी मागणे; तांदळाचा विषय तिने चहा दिल्यावरच काढणे.