कॅमेऱ्यापुढचे भय्यासाहेब

माधव नगर, उज्जैन

चि. परागला सुलभाताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला आणि अलकाचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. माझ्या तब्येतीचं विचारू नकोस, तुझ्या लेकीने ती कॅमेऱ्यात भरून पुण्याला नेलीच आहे. सख्ख्या बहिणीच्या घरावरच पोरीला अभ्यासाला सोडलंस, फार उपकार झाले हो!

आल्या आल्या इशिता म्हणाली, "आत्या, महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं घरात रोज कशी वागतात त्याची फिल्म करायचीय. मी इथे नाहीच असं समज." आता माहेरची भाची दारात उभी, आणि ती नाहीच असं समजून तिला काय कालची खिचडी वाढू? (अलकाने वाढली असती, तो भाग वेगळा.) तेव्हा आमच्या 'रोजच्या' जेवणात श्रीखंड-पुरी झाली आणि माळ्यावरची चांदीची ताटं खाली उतरली.

पण खरी कमाल तुझ्या जीजाजींची. रिटायर झाल्यापासून सोफ्यावरून "पाणी" म्हणायचेसुद्धा ज्यांना कष्ट पडतात, ते आमचे भय्यासाहेब कॅमेरा दिसताच पंचा खोचून ओट्याशी हजर! "अपना तो रोज का है," म्हणे. रोजचं? साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नाही! मी मेली भोळी. भाचीपुढे नवऱ्याचं हसं नको म्हणून कॅमेऱ्याशेजारी उभी राहून हात करकरून दाखवत राहिले: हिंग तिकडे, गॅस बारीक, आता पोळी उलटा. आठवडाभर हेच चाललं. भांडीसुद्धा घासली त्यांनी, आणि वर गुणगुणत.

निघायच्या आधी पोरीने ती फिल्म टीव्हीवर लावली. बघते तर काय, सगळा स्वयंपाक हे करतायत आणि मी म्हणजे कडेने हुकूम सोडणारा एक बांगड्यांचा हात! त्यावर इशिताचा अभ्यासू आवाज, की या घरात स्वयंपाक काका करतात, आत्या देखरेख करते. देखरेख! अरे, जन्म गेला माझा त्या ओट्याशी, आणि नाव यांचं झालं. मला रडूच फुटलं. आणि हे? टावर चौकातून रबडी घेऊन आले, स्वतःच्या यशाची.

ही फिल्म म्हणे प्रोफेसर लोकांपुढे दाखवणार. खबरदार! आधी ती दुरुस्त करायला सांग, नाहीतर तुझ्या दारात पाय ठेवायची नाही.

तुझी (अजून तरी) ताई,
सुलभा

ता.क. इशिताची गाडी हलली आणि हे परत सोफ्यावर. भांडी सिंकमध्ये तशीच पडलीयत.

आणखी एक ता.क. फिल्म राहू दे आहे तशी, नाव यांचंच लागू दे. फक्त इशिताला परत पाठव, महिनाभर तरी. तिला सवड नसेल तर नुसता कॅमेरा कुरिअर कर. बिघडलेला असला तरी चालेल, समोरचा लाल दिवा तेवढा लागला पाहिजे.