नाकानं ओळखलेले आंबे

२८ एप्रिल २०२४, रविवार. सकाळी ६.४०
गच्चीवर पेन्सिलीला टोक करत बसलो होतो, तेव्हा आयुष्याला दिशा मिळाली. माझा वर्गमित्र राजू खालून ओरडत बातमी घेऊन आला. मेडशी रस्त्यावर धनसिंगभाऊंचा फळांचा पार्क सुरू होतो आहे. तिकीट काढायचं, आत निरनिराळ्या जातींचे आंबे चाखायचे, आवडतील त्यांची पेटी घरी न्यायची. प्रत्येक जातीची चव पाहुण्यांना समजावून सांगायला एक माणूस हवा आहे. पद: आंबा मार्गदर्शक. पगार बारा हजार आणि दुपारचं जेवण. परीक्षा ८ मेला, पाहुण्यांसमोरच.
बारावीची अट नाही, हे विशेष. माझी बारावी दोन विषयांपाशी थांबलेली आहे.
नोकरी माझीच.

सकाळी १०.१५
आईनं कामरगावच्या पाहुण्यांना फोनवर सांगून टाकलं, "आमचा रवी पार्कात साहेब झाला." ते १२ तारखेला मला पाहायला येणार. मुलीचं नाव वैष्णवी. अवघड शब्द आहे. मी पहिल्याच झटक्यात बरोबर लिहिला. शुभचिन्ह समजतो.

२९ एप्रिल, सोमवार
बारीकशी अडचण.
अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरून त्यांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरी पिकला आंबा कोणी तोंडात घालत नाही. अक्षय तृतीया १० मेला. परीक्षा ८ मेला.
आईला विचारून पाहिलं. म्हणाली, "आजोबाच्या आधी तू खाशीन? ते जिवंत असते तं काठी घेऊन धावले असते."
राजू (अक्षय तृतीयेला तो आखजी म्हणतो) म्हणाला, "मंग धनसिंगभाऊले सांगून दे ना बे, आखजी झाल्यावर या पोट्ट्याची परीक्षा घ्या."
मी नकार दिला. सवलत मागितली की उमेदवार कच्चा दिसतो.
दुपारभर विचार केला. जीभ काय, सगळ्यांनाच असते. खरा जाणकार नाकानं ओळखतो. संकल्प: आजपासून नाक.

१ मे, बुधवार
बाजारातून सात जाती आणल्या. चवीच्या नोंदीसाठी राजूला जिभेचं काम दिलं. त्याच्या घरी अक्षय तृतीयेची वाट पाहत नाहीत. तो खाणार, मी लिहिणार. शास्त्रीय पद्धत.
दशेरी: "गोड."
केशर: "लय गोड."
लंगडा: "गोड हाये, पन कोय कायले एवढी मोठी?"
बैंगनपल्ली: "थांब. अजून एक फोड दे, मंग सांगतो." (दिली. "गोड.")
गावरान शेप्या: "शेपूची भाजी खाल्ल्यावानी लागते. गोड शेपू."
तोतापुरी आणि पायरीच्या वेळी त्यानं भरल्या तोंडानं नुसती मान हलवली. मी दोन्हीकडे "समाधानकारक" असं लिहिलं.
कोयी चोखून झाल्यावर म्हणाला, "उद्या पुन्हा अभ्यास हाये का?"

४ मे, शनिवार
नाकाचा सराव. डोळ्यांना उपरणं बांधलं. आई एकेक वस्तू नाकाखाली धरत होती. मी तोतापुरी दोनदा अचूक ओळखला. दोन्ही वेळा त्याची चोच नाकपुडीत गेली होती, पण तोही नाकाचाच उपयोग आहे.
एकदा ठामपणे "पायरी" म्हणालो. अंगाचा साबण निघाला. आईला हसू आवरेना. चूक साबणाची आहे.

६ मे, सोमवार
बारीक शंका आली. झाडावरच पिकायला लागलेला पाड हा कैरी की आंबा? कैरीला बंदी नाही. शेजारच्या गोजराबाईंना असल्या गोष्टी कळतात. त्या म्हणाल्या, "लोनचं पडते ते कैरी, रस निघते तो आंबा. अन् तू कायले इचारून राह्यला? खाल्ला काय बे?"
नाही म्हणालो. घरी येऊन एक पाड चावून पाहिला. रस निघाला.
थुंकलो. खूप चुळा भरल्या. आजोबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून हा प्रकार केवळ अभ्यासाचा होता असं कळवलं. फोटोत ते पूर्वीपासूनच रागावलेले दिसतात, त्यामुळे काही अंदाज येत नाही.

७ मे, मंगळवार
तयारी पूर्ण. नाकात सकाळ-संध्याकाळ तूप सोडलं.

८ मे, बुधवार. रात्री
सविस्तर लिहिणं आवश्यक आहे, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट राहील.
राजूच्या गाडीवर वेळेआधी पोचलो. मांडवात वाशीमचे पंचवीसेक पाहुणे. टेबलावर फोडींच्या ताटल्या, आणि ताटल्या बर्फावर! गार फोडीला वास येत नाही, हे कोणत्याही जाणकाराला मान्य होईल.
पहिल्या ताटलीवर वाकलो. नुसता गारवा. मग प्रसंगावधान राखून फोडीवर तोंडानं गरम वाफ सोडली. दोनदा. एक बाई ओरडल्या, "अहो, हा माणूस आंब्यावर फुंकून राह्यला!" त्यांच्या यजमानांनी ताटली मागे ओढली.
मी धीरानं जाहीर केलं, "हा लंगडा. चव समाधानकारक."
धनसिंगभाऊ म्हणाले, "तोतापुरी हाये तो. खाऊन सांग ना, वास काय घेतं मांजरावानी?"
खाता येईना. त्यांनी दिलेली फोड हातात मऊ व्हायला लागली. शेवटी घागरीचं सांगितलं.
धनसिंगभाऊ कपाळाला हात लावून खाली बसले. "अरे येड्या, आधी काहून नाई सांगतलं? माह्या घरी कोन खाते आखजीच्या आधी? म्यानंबी औंदा चाखला नाई. सांगतलं असतं तं परीक्षा अकरा तारखेले घेतली असती!"
म्हणजे मीच कारण नसताना कडक राहिलो. हा गुण आहे, पण लोकांना दिसत नाही.
तेवढ्यात मागून चोखण्याचा आवाज आला. माझी बाजूला सारलेली ताटली राजू संपवत होता. रस कोपरापर्यंत. त्या बाईंनी विचारलं, "भाऊ, कोनता हाये हा?" राजू म्हणाला, "नाव मले माहीत नाई ताई, पन लय गोड हाये, घेऊनच जा." बाईंनी दोन पेट्या घेतल्या. मग सगळ्यांनीच घेतल्या.
राजू आंबा मार्गदर्शक झाला.
येताना राजूच्या गाडीवर मागे बसलो. तो म्हणाला, "रवी, तुह्यासाठी बी बोललो मी भाऊपाशी. एक जागा हाये म्हने. चेहरा नाई लागत तिले."

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया
घागर भरली. आजोबांना नैवेद्य दाखवला. आमरस खाल्ला. चव: गोड. आणखी काही सुचलं नाही.

११ मे, शनिवार
पार्कात रुजू झालो. पद: प्रवेशद्वार प्रतिनिधी. (हे नाव मी दिलं आहे. धनसिंगभाऊ "आंब्यातला पोट्टा" म्हणतात.) काम: फोमचा मोठा आंबा अंगावर चढवून गेटवर हात हलवणं. डोळ्यांसाठी भोकं आहेत. बाहेर ऊन त्रेचाळीस अंश, आतलं मोजलेलं नाही. एका अर्थी राजू फक्त आंब्याबद्दल बोलतो. मूळ भूमिका माझ्याकडे आहे.
आईला "साहेब"च सांगितलं आहे. तिच्या तब्येतीसाठी.

१२ मे, रविवार. रात्री ८.३०
कामरगावचे पाहुणे आमच्या घरी जायच्या आधी परस्पर पार्कातच उतरले. भोकांतून वैष्णवीला लगेच ओळखलं. फोटोपेक्षा छान आहे. तिच्या वडिलांनी राजूला विचारलं, "रविकांत साहेब कुठी बसतात?" राजूनं माझ्याकडे पाहिलं. मी अख्ख्या आंब्यानिशी नकारार्थी हललो. राजू म्हणाला, "साहेब वाशीमले गेले, मिटिंगले."
वैष्णवीचा भाचा माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "मावशी, पपई!"
ती म्हणाली, "हाव रे, केवढी मोठी पपई! थांब, फोटो काढू."
मी हापूस होतो. स्पष्ट दिसत होतं. पण बोललो असतो तर आवाज ओळखीचा झाला असता. आयुष्यात पहिल्यांदाच समोरची चूक दुरुस्त न करता सोडून दिली. ती शेजारी उभी राहिली, माझ्या फोमच्या पानावर हात ठेवला. आत फार घाम आला, तो फोममुळे.
घरी पोचलो तेव्हा पाहुणे चहा घेऊन निघून गेले होते. निरोप: पार्क आवडला, साहेबांना सवड झाली की कळवा. वैष्णवीनं आईच्या मोबाइलवर फोटो पाठवून ठेवला होता. आई तो लांब धरून, जवळ धरून पाहत होती.
"पोरगी सोन्यावानी हाये," ती म्हणाली. "पन तिच्या बाजूले हे पपई घालून कोन उभं हाये रे?"
मी नीट पाहिलं. म्हणालो, असेल कोणीतरी रोजंदारीवरचा.