चॅसीवरच्या अर्ध्या रेघा

२ फेब्रुवारी, सोमवार

शेडचं दार उघडलं. नऊ वर्षांनी! कडी हलेना, शेवटी हातोडी घातली. पिकअप होती तिथेच. चारही चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार.

काल बायकोने जाहीर केलं – दादा बावीस तारखेला त्यांच्या मुलीकडे राहायला जातायत, कायमचे. सामान आपल्या पिकअपमधून जाईल. म्हटलं, भाड्याचा टेम्पो मिळतो. "ते मलाही माहीत आहे," म्हणाली. "सामान आपल्याच गाडीतून जाईल. आणि पुढे तुमच्या शेजारी मी बसणार."

ज्या गाडीने हिचा गुडघा गेला, त्याच गाडीत! पण तिचा तो आवाज मला ओळखीचा आहे. त्यानंतर बोलायची सोय नसते.

३ फेब्रुवारी

पाठ धरली.

५ फेब्रुवारी

इंजिन जाम होतं. दोन दिवस तेल ओतून ठेवलं होतं. आज पान्याने जोर लावला – कर्रर्र – आणि सुटलं! मी शेडमध्ये एकटाच ओरडलो. अंगणापलीकडे दादा दारात उभा होता. नजरानजर झाली. तो आत गेला, मी खाली बघितलं.

सख्खे भाऊ, एक अंगण, समोरासमोर दोन दारं, आणि नऊ वर्षं हे असं. वहिनी गेली तेव्हाही मी लोकांच्या मागे उभा राहिलो आणि मागच्या मागे परत आलो. ते अजून खुपतं. कबूल कुणाजवळ करणार? इथे करतो.

८ फेब्रुवारी, रविवार

वेल्डर येऊन गेला. खाली वाकून बघितलं, मग मान हलवली. "काका, ही गाडी गंजावर उभी आहे. गंज काढलात तर खाली बसेल!" तरी दिवसभर खपून पायाखालचा पत्रा बदलून दिला. चांगला माणूस. तोंड मात्र क्षणभर बंद नाही.

१० फेब्रुवारी

मागच्या स्प्रिंगा बसवल्या. आणि जुनी खोड वर आली.

बाबांच्या गॅरेजचा नियम होता – नट आवळून झाला की नटावरून खालच्या चॅसीच्या सांगाड्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट सैल पडला तर रेघ तुटलेली दिसते, आणि आवळला कुणी तेही कळतं. दादाची रेघ पिवळी, माझी लाल. बाबा गेल्यावर आम्ही दोघांनी गॅरेज चालवलं तेव्हाही तेच.

आज आठही नट हाताने बसवले, आठांवर झोकात लाल रेघा ओढल्या, आणि मग पाना शोधायला लागलो! ब्रश एकदाच भिजवावा म्हणून मी लहानपणापासून हेच करतो. "आधी पाना, मग ब्रश!" असं बाबा किती वेळा ओरडले असतील. आज असते तर तोच पाना डोक्यात घातला असता. एकट्यालाच हसू आलं. मग सगळे आवळले, रेघा मोडल्या, पुन्हा ओढल्या.

१३ फेब्रुवारी

स्टिअरिंगपाशी आलो. टाळत होतो.

स्टिअरिंगचा बॉक्स तीन नटांनी चॅसीला धरलेला असतो. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तो बसवला. घाई होती, दुसऱ्या गाडीचं गिऱ्हाईक दारात बसलेलं. दुसऱ्या दिवशी मी आणि ती हीच गाडी घेऊन निघालो. वळणावर स्टिअरिंग हातात मोकळं फिरलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. तिला तीन ऑपरेशनं, आणि कायमची काठी.

गाडी ओढून दादानेच आणली. चार दिवसांनी मी खाली शिरून बघितलं. एक नट गळून पडलेला, दोन सैल. तिन्ही रेघा पिवळ्या. कोणता नट कुणी आवळला ते मला आठवत नव्हतं, पण आठवायची गरजच काय? रेघा होत्या ना!

सगळ्यांसमोर त्याला वाटेल ते बोललो. "तिला मारायलाच निघाला होतास!" तो फक्त म्हणाला, "हो. माझी चूक." ना सफाई, ना भांडण. त्याच आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं.

आज तिन्ही नट नवे घातले. आधी पाना! जुन्या रेघांचे चॅसीवरचे अर्धे भाग तसेच आहेत, पिवळे. शेजारी नवी रेघ ओढायला हात धजेना.

१६ फेब्रुवारी

जेवताना तिला विचारलं – तुला दादाचा राग कसा येत नाही?

"गुडघा माझा आणि राग तुमचा," म्हणाली. "मला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा तुम्ही नुसते थरथरत होतात. दादा काय म्हणाले होते, आठवतं?"

आठवतं. "तू तिच्याजवळ थांब. गाडीचं मी बघतो."

"मग? एवढं करणारा माणूस," म्हणाली आणि ताट उचललं.

१९ फेब्रुवारी

चालू झाली!! आधी धूर, मग खोकला, मग एकदम सूर लागला. ती काठी टेकत आली, पुढच्या सीटवर बसली, डोळे मिटून दोन मिनिटं बसून राहिली. मला रडू येत होतं.

दादा दारातून ऐकत होता. "टॅपेट वाजतंय," म्हणाला. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य! इंजिनातून टकटक येत होतीच. तो आत गेल्यावर टॅपेट जुळवून टाकलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं झालं. उद्या दहाला सामान चढवायचं. राहिल्या त्या तीन पिवळ्या रेघा. सकाळी पुसून माझ्या लाल ओढल्या की संपलं.

आणि ठरवलंय, त्याला माफ करायचं. तो गेल्यावर कुढत बसण्यात काय अर्थ आहे? शेवटचं खोकं चढवलं की खांद्यावर हात ठेवून म्हणेन, झालं ते झालं. धाकटा असलो म्हणून काय झालं, कुणीतरी मोठेपणा घ्यायलाच हवा. घरात हे अजून बोललो नाही. तिला बरं वाटेल.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

थिनरचा बोळा फिरवला. पिवळा लगेच निघाला. खाली लाल. तिन्ही ठिकाणी. आधी ब्रश, आणि पाना राहूनच गेला.

"गाडीचं मी बघतो."

बाहेर दादा दाराला कुलूप लावतोय. बोळा हातातच आहे, वहीला डाग पडतायत. बोळा घेऊनच जातो. आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे.