दिव्याची जाडी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूस चिमट्यात होती, पितळाची धार पडत होती, तेव्हाच पोस्टमनने तुझं पत्र दारातून आत टाकलं. धार मध्येच तोडता येत नाही. पत्र तापलेल्या मातीच्या साच्याशेजारी पडून राहिलं आणि त्याचा एक कोपरा करपला. नव्या घराला किती खोल्या आहेत, ते त्या कोपऱ्यात होतं. पुन्हा कळव.

इकडे सगळं ठीक, असं लिहिलं होतं. ते खोडलं.

आबांचं आजारात गेलेलं अंग परत आलंय. चालतात, जेवतात, माझ्या नावाने खडे फोडतात. पण उजव्या हाताची बोटं आली नाहीत. ते तसं सांगत नाहीत. परवा मेणाची तापलेली वाटी उचलून माझ्याशी बोलत उभे राहिले. बोलणं संपल्यावर ठेवली. बोटांना फोड आले होते.

मेणाचा दिवा वळताना ते डोळे मिटून त्याची भिंत चिमटीत धरायचे, तुला आठवत असेल. मेण जेवढं जाड, तेवढंच पितळ जाड. मेण वितळून जातं आणि त्याच पोकळीत पितळ भरतं. अजूनही ते डोळे मिटतात, चिमटीत धरतात, मान हलवतात. दिवा माझ्याकडे येतो तेव्हा एकीकडे जाड आणि एकीकडे कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. आजारातून उठल्यावरचा त्यांचा पहिला दिवा गळला. त्यांना दिसायच्या आत मी तो वितळवला. तेव्हापासून ते जेवायला गेले की मी प्रत्येक दिव्याला आतून मेणाचा एक हात देतो, मग मातीचा लेप चढवतो. आधी पातळ द्यायचो. हल्ली जाड द्यावा लागतो, कारण त्यांचं मेण दिव्यागणिक पातळ होत चाललंय.

काल दुकानदार आला होता, तू ज्याला घुबड म्हणायचीस तो. दिवे फार जड येतात म्हणाला. देवघरात टांगायला दिवा हवाय, होडीचा नांगर नको, असं आबांच्या तोंडावर म्हणाला. आबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग दारात मला गाठून म्हणाला, की मेणाला मी बसावं, नाहीतर पुढची मागणी तो दुसरीकडे देईल.

म्हणजे आबांना मेणकामाच्या पाटावरून उठा म्हणायचं. ते माझ्याने होत नाही. तू त्यांची लाडकी, तू लिही. माझं मेण मात्र कळू देऊ नकोस.

उत्तर छोटं आलं तरी चालेल, माया तेवढीच पाठव.

तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. पेन किती दाबलं जातंय ते मला कळत नाही. कागद फाटला असेल तिथे अंदाजाने वाच.

तुझा भाऊ बरा आहे. भट्टी नीट सांभाळतो. बोलत मात्र नाही, आईवर गेलाय. घरात आम्ही दोघं म्हणजे दोन खुर्च्या समज.

एक गोष्ट लिहितो, ती त्याला सांगू नकोस. आजारानंतर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं झोपली आहेत. टाचणी टोचून पाहिली. टाचणी टोचली, हे फक्त डोळ्यांना कळतं. मेणाची भिंत मी चिमटीत धरतो ती सवयीने, आणि पोरगा बघत असतो म्हणून. पण मनगटाला अजून कळतं. तयार दिवा तळहातावर घेतला की वजन कळतं. त्यावर मी चालवतोय. दिवा जड आला की समजतो, मेण जाड वळलं गेलं. पुढचा तेवढा पातळ वळतो. गंमत अशी, की कितीही पातळ वळला तरी भट्टीतून जडच निघतो. आता इतका पातळ वळतो, की माझी मलाच लाज वाटते. तरी जड. हात ऐकत नाही की डोकं, ते कळेनासं झालंय.

दुकानदार येऊन बोलून गेला. त्याचं काय एवढं! पण मेणाचा पाट सुटला, तर मी दिवसभर करायचं काय? दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना किती वाजले विचारू?

वाईट वाटतंय असं नाही. काहीच वाटत नाही. बोटांसारखंच.

तुझ्या इस्त्रीच्या दुकानात वाफ फार असते म्हणालीस. हात सांभाळ. लहानपणी बोलायचीस त्याच्या पावपट जरी लिहिलंस, तरी म्हातारा भरून पावेल.

तुझे आबा


ता. १९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

खोल्या दोन आहेत. दुसरीचं दार उघडलं की पलंगाला लागतं.

तुझं पत्र आणि आबांचं पत्र इस्त्रीच्या टेबलावर शेजारी ठेवून वाचलं. सांगू नकोस म्हणून दोघांनीही बजावलंय. मी सांगणार आहे. माझ्या पोटात कधी काही राहिलंय का?

बोटं गेल्याचं आबांना माहीत आहे. ते वजनावर काम करतात. तू आतून मेण देतोस, म्हणून दिवा जड येतो. जड आला की ते पुढचा पातळ वळतात. पातळ दिसला की तू आणखी मेण देतोस. घुबडाचा तो नांगर तुम्ही दोघांनी मिळून घडवलाय. हे लक्षात आल्यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तेवढ्यात एक शर्ट जळला. मालकीणबाईंनी सुनावलं, ते ऐकून घेतलं.

आबांना उठा म्हणून मी लिहिणार नाही. तूही म्हणू नकोस. तुझ्या मेणाशिवाय त्यांचा हात कसा चालतो, हे आपल्या तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. तो पहिला दिवा गळला तेव्हा ते नुकते अंथरुणातून उठले होते. मी त्यांच्याकडे माझ्या घरासाठी एक दिवा मागते आहे. त्याला आतून तू हात लावायचा नाहीस. लेप द्यायचा, ओतायचा, बस. मग तो तेल धरतो का, ते त्यांच्यासमोर बघायचं. धरलं, तर ते त्या पाटावरच बसतील आणि घुबडाशी मी भांडेन. गळला, तर लपवून वितळवायचा नाही.

माझा राग येईल. येऊ दे. ओसरला की लिही.

तुझी ताई


ता. १९ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसले नाही. कागद दोन ठिकाणी फाटला होता, पण शब्द लागले.

माझ्या खिडकीशेजारी आधीच्या भाडेकरूने ठोकलेली एक आकडी आहे. तिथे तुमच्या हातचा दिवा हवा. वर मोर नको, वेलबुट्टी नको. एका वातीचा, साधा.

आबा, वजन विसरा. ते तुमच्या हाताने वाढत नव्हतं. कुणाच्या हाताने वाढत होतं, ते विचारू नका; कळलंच तर त्याला ओरडू नका. आजाराआधी वळायचात तसा एक वळा. मग तेल भरून दोघांनी मिळून बघा. गळला तर पुढे काय, ते तुम्ही ठरवा. तुमच्या वतीने ते आम्ही ठरवू नये, एवढंच मला वाटतं.

पायांवर डोकं ठेवते. आशीर्वादाला हात आखडू नका.

तुमची टकळी


ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. ओसरला.

आबांनी तुझं पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवलं. मला काही विचारलं नाही. फक्त जेवायला निघताना म्हणाले, की आजपासून मीही बरोबर यावं, मागे थांबून मेणाची राखण करायची गरज नाही. गेलो. 

मग त्यांनी तुझा दिवा वळायला घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. वळला, मोडला, पुन्हा वळला. माझ्या हातात देताना पटकन सोडला नाही. मी तो खिडकीकडे धरला. बुडाशी एका जागी मेणातून उजेड आत येत होता. गरम मेणाची वाटी शेजारीच होती. आबा माझ्याकडे बघत होते. मी लेपाची माती कालवायला बसलो.

माती वाळल्यावर आज ओतला. साचा फोडला तर दिवा नितळ निघाला. आबांनी तळहातावर घेऊन खालीवर केला आणि म्हणाले, की आता कुठे दिवा दिव्यासारखा झाला. इतके दिवस मी चोरून खाऊ घालून त्यांचे दिवे लठ्ठ करून ठेवले, असंही म्हणाले. ते हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तोंड दुखल्यासारखं झालं.

आपल्याकडे नवा दिवा तेलाने काठोकाठ भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवतात, तसा तुझाही आता ठेवलाय. तेल आबांनी स्वतः भरलं. काठावर सांडलं म्हणून त्यांनी दिवा पुसला आणि कागद बदलायला लावला. नंतर वाद नको म्हणाले.

पत्र इथे थांबवतो. उद्या टपालात टाकीन. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा धाकटा

ता. क. सकाळी मी आलो तेव्हा आबा आधीच येऊन बसले होते. माझ्यासाठी थांबले होते. मी आल्यावर त्यांनी दिवा उचलला. खाली कागदावर डाग होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, मग तेच बोट ओठाला लावलं. तेल आहे म्हणाले. दिवा त्यांनी स्वतः रिकामा करून मुशीत टाकला. आपला पाट उचलून दिवे घासून उजळायच्या जागी नेला आणि मला मेण गरम करायला सांगितलं. मी मेणाला बसलो.